नादारीचा अर्ज

टोंग्या वकिलांनी अर्ज हिंदीत टाइप करून ठेवला होता
आणि पेन माझ्याकडे दिलं,
कारण यशोधन, तुझा हात
अलीकडे आकडा लिहिताना पहिल्याच शून्यावर थांबतो.

घेणेकऱ्यांची यादी. नाव, पत्ता, रक्कम.
पहिली बँक सोपी गेली. दुसरीही.
कार्ड एक, कार्ड दोन, आणि ते तिसरं
जे दुसऱ्याचं तोंड गप्प करायला काढलं होतं.
फोनवर सात मिनिटांत कर्ज देणाऱ्या तिघांना पत्ताच नाही,
नुसता आवाज आहे: "भिया, आज तो डाल दो."
तो मुलगा बहुतेक पाटनीपुऱ्याचाच.
मागून त्याची आई त्याला जेवायला हाका मारत असते.
फ्रिज. तुझी मोटारसायकल.
ईशाच्या भंवरकुआंच्या क्लासचे बारा हप्ते,
क्लास तिने सहाव्यातच सोडला.

"आणखी?"
मी म्हटलं, एवढेच.
तू माझ्याकडे पाहिलंस.

नंदकिशोर दूधवाला, चार हजार सातशे.
वृंदाताई, वीस हजार, पोह्यांच्या डब्यात घालून दिलेले.
वरच्या मजल्यावरचे खानविलकर, ज्यांनी आमचं वीजबिल
परस्पर भरलं आणि पावती दाराखालून सरकवली.
"सगळे लिहा, भाभीजी. लपवलं तर अर्ज फेटाळतात."
पण वकीलसाहेब, या कागदावर नाव आलं
म्हणजे त्याच्यापुढे आम्ही हात वर केले ना?
या तिघांना मला बुडवायचं नाही.
बाकीचे बुडाले तर (हे मी मनात म्हटलं)
त्यांच्या इमारतीला काच थोडी कमी बसेल.

ते हसले नाहीत. पंख्याचा आवाज ऐकत राहिले.
मग मी लिहिलं. दूधवाला सगळ्यांत शेवटी,
अक्षर बारीक.

दुसरी यादी, मालमत्तेची.
इथे त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला,
पाहुण्याला आग्रह करावा तसा:
अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं,
यांना कुणी हात लावू शकत नाही. कलम आहे.
"आणि मंगळसूत्र. ते तर कायदाही मागत नाही."

माझा हात गळ्याशी गेला.
तिथे एक ग्रॅमवालं आहे, सीतलामाता बाजारातलं, तीनशे ऐंशीचं.
घामाने वाट्या काळवंडतात
म्हणून दर रविवारी टूथपेस्टने घासते.
खऱ्याचा ऑक्टोबरचा हप्ता झाला.
कायदा जे मागत नाही
ते आम्ही मागण्याआधीच देऊन बसलो.
तू छताकडे बघत होतास. म्हणजे तुला ठाऊक आहे.
कधीपासून, हे मी विचारणार नाही.
तूही कधी विचारलं नाहीस
की टूथपेस्ट एवढ्या लवकर कशी संपते.

बाहेर पडलो तर नऊ वाजले होते.
रिक्षा नको म्हणून चालत निघालो, राजवाड्यावरून.
सराफ्यात शटरं उतरत होती
आणि त्याच ओट्यांवर शेगड्या पेटत होत्या.
डाव्या हाताचा तिसरा ओटा.
तिथे भरदुपारी माझ्या वाट्या तोलल्या होत्या,
काळे मणी सोडवून, पुडी बांधून परत दिले होते:
"ये रख लो, बेन. इनका वजन नहीं लगता."
तेच मणी मी या खोट्यात ओवलेत.
आता तिथे कढईत भुट्ट्याचा कीस परतत होता.

मी थांबले. तू खिसा चाचपलास.
एक घेतला, द्रोणात, दोन चमचे.
"लिंबू कमी आहे," तू म्हणालास.
मी परत जाऊन पिळून आणलं. लिंबाचे पैसे नाहीत पडत.

घरी येऊन वहीत टिपलं: कीस, एक, पन्नास.
खाली रेघ ओढली नाही.
सकाळी सहाला नंदकिशोर येईल, अर्धा लिटर,
चरवीचं झाकण वाजवत.
कोर्टाची नोटीस त्याच्या हातात पडायच्या आधी
मला त्याला सांगायचंय,
आणि अजून वाक्य सापडत नाही.